जतन केलेला शब्द

मित्रांनो, मला गंज चढत नाही, माझा रंग उडत नाही, मला उंदीर कुरतडत नाहीत. तरीही मी म्हातारी झाले आहे. मी एक जुनी सिस्टिम आहे. तुम्ही मोबाइलवर एखाद्या कारखान्याची वेबसाइट उघडता ना, तो झाला पुढचा ओटा. मी त्या ओट्यामागची खोली. तिथे कुणीतरी बसून मजकूर लिहितं, फोटो लावतं, गिऱ्हाइकांचे आलेले निरोप वाचतं आणि त्यांना उत्तरं देतं. शिकलेले लोक मला कंटेंट मॅनेजमेंट सिस्टिम म्हणतात. पिंपरीजवळच्या चिखलीत ज्या शेडमध्ये मी कामाला लागले, तिथे एवढं लांबलचक नाव घ्यायला वेळ कुणाला होता? "सिस्टिमवर टाक", "सिस्टिमवर बघ", एवढंच ऐकत माझं आयुष्य गेलं.

माझा जन्म रहाटणीचा. ओंकार नावाचा एक गृहस्थ तिथे दोन खोल्यांत बसून वेबसाइट तयार करायचा. त्याला कामाचा भारी उरक. एक सिस्टिम बनवायची आणि तीच थोडी इकडेतिकडे करून सतरा जणांना द्यायची, असा त्याचा खाक्या. मला त्याने एका दाताच्या डॉक्टरांच्या सिस्टिमवरून बेतलं होतं. मी चिखलीला आले तेव्हा माझ्या फॉर्मवर 'कोणता दात दुखतो?' हा प्रश्न तसाच होता. लोखंडाचं काम करणाऱ्या शेडमध्ये तो प्रश्न बघून सगळे पोट धरधरून हसले. मला मेलीला काय कळणार तेव्हा!

ती शेड उद्धवरावांची. नाव निशिगंधा टूल्स. उद्धवराव मूळचे बीडकडचे, तीस वर्षांपूर्वी इकडे आले, आधी दुसऱ्याच्या मशीनवर राबले आणि मग स्वतःची शेड टाकली. गाडीचा एखादा भाग वेल्डिंग करताना तो हलू नये म्हणून त्याला पकडींनी, म्हणजे क्लॅम्पनी, घट्ट धरून ठेवणारा लोखंडी साचा लागतो. त्याला फिक्श्चर म्हणतात. ती फिक्श्चरं ते बनवायचे आणि चाकण, निघोजे भागातल्या लहानमोठ्या कंपन्यांना द्यायचे. फिक्श्चर मोडलं की तिकडचं काम जागच्या जागी थांबतं. म्हणून त्यांच्या धंद्यात लोखंडाइतकीच किंमत वेळेवर मिळालेल्या उत्तराला होती.

उद्धवरावांनी ओंकारला एकच अट घातली होती. बटणं मराठीत पाहिजेत, इंग्रजी वाचून वाचून माझे डोळे दुखतात. ओंकारने तसं करून दिलं. लिहिलेला मजकूर आतल्या आत ठेवायचा असेल तर राखाडी बटण, त्याच्यावर लिहिलं 'जतन करा'. तोच मजकूर बाहेर जगाला दाखवायचा असेल तर निळं बटण, त्याच्यावर लिहिलं 'प्रसिद्ध करा'. ही दोन बटणं लक्षात ठेवा, मित्रांनो. माझी सगळी कर्मकहाणी शेवटी त्यांच्यापाशीच येऊन थांबते.

मला चालवायला आम्रपाली आली आणि माझे दिवस पालटले. चोवीस-पंचवीस वर्षांची, बोलायला मोजकी, लिहायला नेमकी. पहिल्याच दिवशी तिने तो दातांचा प्रश्न काढून टाकला. मग तिला ओंकारने ठेवलेलं तयार उत्तर सापडलं. कुणीही निरोप पाठवला की माझ्याकडून आपोआप जायचं: 'धन्यवाद. आपल्या विनंतीची नोंद झाली आहे. आम्ही लवकरच आपल्याशी संपर्क साधू.' तिने ते वाचलं आणि लगेच बंद करून टाकलं. उद्धवराव म्हणाले, अगं, चांगलं तर लिहिलंय, असू दे की.

तेव्हा तिने सांगितलं. तिचे वडील अण्णासाहेब पिंपरीच्या एका कंपनीत कामाला होते. एका सकाळी कंपनीच्या गेटला कुलूप दिसलं आणि कुलपाशेजारी नोटीस, 'काम लवकरच सुरू होईल.' अण्णासाहेब डबा घेऊन रोज गेटपर्यंत जायचे आणि नोटीस वाचून परत यायचे. दुसरीकडे काम मिळत होतं, पण ते धरलं नाही. कंपनीने लिहून दिलंय, म्हणायचे. अशी साडेतीन वर्षं गेली. कागद पिवळा पडला, फाटला, गेट मात्र उघडलं नाही.

"काका, 'लवकरच' लिहायचं नाही," आम्रपाली म्हणाली. "वार लिहायचा आणि वेळ लिहायची. जमत नसेल तर नाही जमत, असं लिहायचं."

तेव्हापासून तो शब्द आमच्याकडे बंद झाला. तिची कामाची रीत मी तुम्हाला सांगते, कारण तशी रीत मी पुन्हा पाहिली नाही. निरोप आला की ती उत्तर लिहायची आणि राखाडी बटण दाबून ते जतन करायची. मग उठून शेडमध्ये जायची. ज्योतीराम नावाचे जुने फिटर होते, त्यांना विचारायची, हे शनिवारी दुपारपर्यंत खरंच होईल का? ज्योतीराम डोकं खाजवायचे, कधी हो म्हणायचे, कधी सोमवार म्हणायचे. ती परत येऊन वार दुरुस्त करायची आणि मगच उत्तर पाठवायची. आधी जतन, मग शहानिशा, मग बाहेर. प्रत्येक उत्तराखाली आपोआप यावं म्हणून तिने स्वतःचं नाव माझ्यात भरून ठेवलं होतं. गिऱ्हाइकाला वाटलं पाहिजे, पलीकडे माणूस आहे.

आमच्याकडे सुट्टी गुरुवारची. या पट्ट्यातल्या वर्कशॉपना रविवार ठाऊक नाही, पण सगळ्याच कंपन्यांचं तसं नसतं. म्हणून दर बुधवारी संध्याकाळी ती पहिल्या पानावर एक ओळ टाकायची: 'उद्या गुरुवार, शेड बंद. अडचण असेल तर आज सहापर्यंत कळवा.' आणि एवढं लिहूनही गुरुवारी कुणाचं खरंच अडलं, तर घरून मला उघडून उत्तर द्यायची. ज्योतीरामांना घरी फोन करायची. कितीदा ज्योतीराम अर्धवट जेवणावरून उठून शेडवर आले, ते मी पाहिलं आहे. कुरकुर करायचे, पण यायचे.

अशाच एका गुरुवारी भिमाजी आमच्याकडे आला. निघोज्याच्या एका छोट्या कंपनीत तो फिक्श्चरची देखभाल करायचा. कंत्राटावर होता, पण अकरा वर्षं तिथेच. टाइप करणं त्याला जमायचं नाही, म्हणून तो फोनमध्ये बोलायचा आणि त्याचं बोलणं जसंच्या तसं माझ्याकडे उतरायचं. पहिला निरोप असा होता: 'आमच्या फिक्श्चरचा क्लॅम्प मोडलाय बगा दुसरा मिळंल का न्हाई मिळत तर तसं सांगा आमी वाट बगत न्हाई.' आम्रपाली हसली. तिने लिहिलं, 'शुक्रवारी सकाळी अकरा वाजता क्लॅम्प घेऊन आमचा माणूस तुमच्या गेटवर असेल.' शुक्रवारी अकराला पाच मिनिटं कमी असताना ज्योतीराम तिथे उभे होते.

मग सूत जुळलं. भिमाजी काहीबाही विचारायचा. पिन का झिजते, तेल कुठलं घालावं. आम्रपाली ज्योतीरामांना विचारून घ्यायची आणि त्यातून तिने माझ्यावर एक पान तयार केलं, 'फिक्श्चरची निगा'. वर लिहिलं, 'निघोज्याच्या भिमाजींनी विचारलेल्या प्रश्नांवरून'. त्या पठ्ठ्याने त्याची छापील प्रत काढून कंपनीत भिंतीला चिकटवली. त्याचं नाव पहिल्यांदाच कुठे छापून आलं होतं. खंडेनवमीला त्याने झेंडूची माळ घातलेल्या फिक्श्चरचा फोटो पाठवला, तोही तिने लावला. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावापुढे ती टिपण ठेवायची. भिमाजीच्या नावापुढे होतं: 'दुपारी दोननंतर बोलतात. सांगितलेल्या वारावर साहेबांना शब्द देतात, म्हणून वार चुकवू नये. मुलगी दहावीला.' चौदा एप्रिलला ती सुट्टीवर जायची, तर आदल्या दिवशी लिहायची, 'मी उद्या नाही, उत्तर परवा अकराला.' भिमाजीचं यायचं, 'जय भीम ताई परवाच चालंल.' आणि परवा अकराला उत्तर जायचंच.

माझ्या आयुष्यातले ते सुखाचे दिवस. तेव्हा मला वाटायचं, गिऱ्हाइकं माझ्यामुळे टिकली आहेत. उद्धवरावही चारचौघांत सांगायचे, सिस्टिम घेतल्यापासून एक गिऱ्हाईक तुटलं नाही. मी फुगून बसायचे. करणारी ती आणि मिरवणारी मी!

पुढे उद्धवरावांचा मुलगा प्रज्वल शिक्षण संपवून धंद्यात आला. पोरगा वाईट नव्हता, उगाच कशाला खोटं बोलू? त्याला शेड मोठी करायची होती. त्याचं म्हणणं, एका माणसाने दिवसभर बसून पाच-सहा उत्तरं द्यायची, हे काही काम झालं का? हे सगळं सिस्टिम आपोआप करते. आम्रपालीला त्याने हाकललं नाही, पण तिला हिशेबाच्या टेबलावर बसायला सांगितलं. तिने समजायचं ते समजून घेतलं आणि हिंजवडीला दुसरी नोकरी धरली. जाताना भिमाजीच्या टिपणात तिने एक ओळ वाढवली: 'यांना लवकरच असं लिहू नका. ते खरं मानतात.' ती ओळ तिने जतन केली. ती आजही तिथेच आहे. प्रज्वलने टिपणं कधी उघडलीच नाहीत.

त्याने ते जुनं उत्तर चालू केलं. रोज सकाळी पहिल्या पानावर सणाचं, सुविचाराचं रंगीत चित्र जाऊ लागलं. बुधवारची ओळ कधी बंद पडली, कुणाच्या लक्षातही आलं नाही. आणि मित्रांनो, मला ते सगळं आवडत होतं, ते मी का लपवू? आता मी स्वतः बोलत होते. निरोप आला रे आला की माझं उत्तर गेलं, क्षणाचाही उशीर नाही. प्रज्वल मित्रांना सांगायचा, आमची सिस्टिम एका सेकंदात रिप्लाय देते, भावा. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं माझं झालं होतं. त्यात एक गोष्ट कुणी बदलली नव्हती. उत्तराखालचं नाव. ते अजून 'आम्रपाली, निशिगंधा टूल्स' असंच जात होतं.

आणि मग तो गुरुवार आला.

सकाळी साडेआठला भिमाजीचा निरोप आला. 'ताई मधली पिन तुटली लाइन हुबी हाय संध्याकाळी माल जायचाय काय करता सांगा.' शेडला कुलूप होतं. उद्धवराव लग्नासाठी बीडला गेले होते. प्रज्वल सुट्टीच्या दिवशी मला उघडत नसे. मी मात्र जागी होते. मी लगेच उत्तर दिलं: धन्यवाद, आपल्या विनंतीची नोंद झाली आहे, आम्ही लवकरच आपल्याशी संपर्क साधू. खाली आम्रपाली.

गुरुवारी शेड बंद असते, हे भिमाजीला पक्कं ठाऊक होतं. पण ताईचं उत्तर आलं, म्हणजे ताईने घरून बघितलं, म्हणजे ज्योतीराम निघाले असणार. त्याने असाच हिशेब केला. त्याच्या साहेबांनी भोसरीतला दुसरा माणूस शोधला होता. दुपारी बारापर्यंत पिन देतो म्हणत होता. भिमाजीनेच त्यांना थांबवलं. आमच्या ताईंनी शब्द दिलाय, म्हणाला.

साडेअकराला त्याने पुन्हा विचारलं. मी तेच उत्तर दिलं. दोन वाजता त्याने विचारलं, माणूस निघाला का. मी तेच उत्तर दिलं. शेडमधला फोन कुलपाआड वाजत राहिला. पाच वाजता त्याने फक्त 'ताई' एवढंच पाठवलं. मी त्यालाही म्हणाले, धन्यवाद, आपल्या विनंतीची नोंद झाली आहे.

माल गेला नाही. दोन पाळ्या लाइन उभी राहिली, सगळं काम बंद. दुसऱ्या दिवशी भिमाजीला गेटवरच सांगितलं, उद्यापासून येऊ नको. अकरा वर्षांचा माणूस! कुणाच्या भरवशावर साहेबांना थांबवलंस, असं विचारलं तेव्हा त्याने फोन काढून माझी उत्तरं दाखवली म्हणे. साहेब म्हणाले, हे मशीनचं उत्तर आहे, एवढं कळत नाही तुला?

शनिवारी त्याचा शेवटचा निरोप आला.

'ताई तुमी कधी लवकरच म्हणत न्हवता तवाच मला वळखायला पायजे हुतं चूक माजी हाय तुमचं बरं चाललं असंल.'

त्यालाही माझं उत्तर गेलं, मित्रांनो. धन्यवाद म्हणाले मी. लवकरच म्हणाले. मला जीभ असती तर त्या दिवशी मी ती चावून तोडली असती.

उत्तरं आपोआप जातात म्हणून प्रज्वलने निरोप थेट सोमवारी पाहिले. त्याने वडिलांना सांगितलं, एवढा खरेपणा त्याच्याकडे होता. उद्धवराव स्वतः पिन घेऊन निघोज्याला गेले. गेटवर कळलं की भिमाजीला काढलं आणि तो भाड्याची खोली सोडून डोंगराकडच्या गावाला गेला. कुठलं गाव, ते कुणाला धड सांगता येईना. फोन कंपनीने दिलेला होता, तो शनिवारी संध्याकाळी काढून घेतला होता. साहेब कुठल्याशा मीटिंगमध्ये होते, भेटले नाहीत.

परत येऊन उद्धवरावांनी खुर्ची ओढली आणि माझ्यातले सगळे निरोप वाचले. चष्मा पुसून पुसून, एकेक. आम्रपालीच्या काळातले, नंतरचे, सगळे. टिपणातली ती ओळही वाचली. मग खुर्ची मुलाकडे वळवून म्हणाले, "लेकरा, आपण त्याला शब्द दिला अन् आपल्यालाच पत्ता नाही."

प्रज्वल खाली मान घालून उभा होता. उद्धवरावांनी माझं ते उत्तर तिथल्या तिथे बंद करायला लावलं. मग म्हणाले, आम्रपालीला फोन कर, तिच्या नावावर हे झालंय, तिला सांगायला हवं, कदाचित तिला त्याचं गाव माहीत असेल. प्रज्वलला लाज वाटत होती. कुठल्या तोंडाने फोन करणार? "करतो पप्पा, लवकरच," तो म्हणाला. तो फोन अजून व्हायचा आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रज्वल बाहेर गेलेला असताना उद्धवराव एकटे माझ्यासमोर बसले. भिमाजीला हे दार माहीत आहे, असं त्यांच्या मनाने घेतलं. तो कधी ना कधी इथे डोकावेल, तर त्याच्यासाठी पहिल्या पानावर लिहून ठेवू. एका बोटाने अक्षर शोधत त्यांनी तासभर लिहिलं:

'भिमाजी, चूक तुमची नाही. गुरुवारी आमची शेड बंद होती आणि ते उत्तर माणसाने दिलं नव्हतं. आम्रपालीताई इथे नाहीत, त्यांचाही दोष नाही. दोष आमचा आहे. तुमच्या साहेबांसमोर उभं राहून हे सांगायला मी तयार आहे. तुम्ही फक्त कुठे आहात ते कळवा. उद्धवराव.'

काय सांगू तुम्हाला! इतक्या वर्षांत माझ्यावर इतकं खरं कुणी लिहिलं नव्हतं. हा मजकूर बाहेर गेला असता तर भिमाजीच्या नावावरचा बट्टा धुऊन निघाला असता. कदाचित त्याची जागाही परत मिळाली असती. लिहून झाल्यावर उद्धवरावांनी दोन्ही बटणं नीट वाचली. निळ्यावर बोट थांबलं.

"माफी मागायची अन् वर प्रसिद्ध व्हायचं?" ते स्वतःशीच म्हणाले. "छ्या!"

आणि त्यांनी दुसरं बटण दाबलं. जतन करा. शब्द कसा छान आहे! मोलाचं असेल त्याचंच आपण जतन करतो. माझ्याकडून हिरवी खूण आली, 'जतन झाले'. उद्धवरावांनी समाधानाने चष्मा काढून ठेवला.

ते पान आजही माझ्या पोटात आहे. बाहेर कुणालाही दिसत नाही. उद्धवरावांनी ओट्यावरून वेबसाइट कधी पाहिलेली नाही, ते मागच्या खोलीतूनच येतात. रोज सकाळी चहाचा कप घेऊन बसतात, ते पान उघडतात, आहे का ते बघतात. असतंच. मग निरोपांची पेटी बघतात, ती रिकामी असते. परवा ज्योतीरामांना सांगत होते, रागावलाय माणूस, रागावणारच, आपण बोलायला तोंड ठेवलं नाही. ज्योतीरामांनी मान हलवली. 

आणि दर बुधवारी संध्याकाळी, सहाच्या सुमारास, कुणीतरी माझं पहिलं पान उघडतं. कोण ते मला कळत नाही, फोन कुणाचा ते मला दिसत नाही. पण बुधवार असतो आणि वेळ ती असते, जेव्हा आम्रपाली 'उद्या शेड बंद' लिहायची. येणारा थोडा वेळ थांबतो. त्याला प्रज्वलने मागे कधीतरी लावलेलं सुविचाराचं चित्र दिसतं. मग तो निघून जातो. त्याला हवं ते अगदी मागच्या खोलीत लिहून ठेवलेलं असतं आणि मला ते त्याच्या हातात देता येत नाही. नको तेव्हा मी भरभरून बोलले. आता बोलायला हवं, तर माझ्या तोंडाला कुलूप.

मित्रांनो, जुनी छत्री, जुनी सायकल, जुनं घड्याळ यांच्या कहाण्या तुम्ही वाचल्या असतील. शेवटी ती सगळी म्हणतात, आमचं जतन करा. माझं जतन करू नका. मी मोडीत निघाले तरी चालेल. पण कुणाला काही कळवायचं असेल, कुणाची माफी मागायची असेल, तर ती मनात किंवा माझ्यासारखीच्या पोटात जपून ठेवू नका. ती त्या माणसापर्यंत पोहोचली का, ते जाऊन बघा.

आणि तुमच्यापैकी कुणी चिखलीत राहत असेल, तर माझं एवढं एक काम करा. उद्या सकाळी उद्धवराव चहाचा कप ठेवतील, ते पान उघडतील आणि विचारतील, आलं का भिमाजीचं काही? तेव्हा त्यांच्याशेजारी उभे राहा आणि त्यांना ते निळं बटण दाखवा. लवकरच नको. उद्याच दाखवा. परवा बुधवार आहे.